डाव्या बाजूची खरखर

गुरुवार, ६ फेब्रुवारी. हवा फार कोरडी, चादर झटकली तर हाताला चिकटते. पाणी उशिरा आलं. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बराच वेळ बसावं लागलं. थेंब दिले, नंबर तोच आहे. घरी आले तर हॉलमधल्या फरशीवर एक लहान काळा स्क्रू. सीडी प्लेअर जागेवर होता, पण किंचित तिरका. संध्याकाळी तबकडी घातली, फिरली नाही. पडद्यावर ‘नो डिस्क’ आलं. भावजींना फोन केला. म्हणाले, “वय झालं असेल.” कुणाचं ते बोलले नाहीत.

एवढं लिहून वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि तो स्क्रू काड्यापेटीत घालून ठेवला. स्क्रू आपणहून बाहेर पडत नाहीत, आणि पडले तरी झाकण उघडून पडत नाहीत, हे समजायला डोळ्यांच्या डॉक्टरची गरज नव्हती.

भावजी म्हणजे वहिनींचा धाकटा दीर. इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान. सगळी गल्ली त्याला कानसेन म्हणते. हे नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलं असणार, पण त्याने ते पदवीसारखं स्वीकारलं आणि दुकानाच्या पाटीवरही रंगवून घेतलं. घरात बायकोने तीनदा हाक मारली तरी याला ऐकू येत नाही. वहिनींची जाऊ एकदा म्हणाली होती, “यांच्या कानाची कीर्ती आहे म्हणतात. असेल बाई. बाहेर पडताना बरोबर घेऊन जातात, घरी येताना दुकानात विसरतात.”

दुकान मुळात थोरल्याचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं. धाकट्याला शाळेत काही जमलं नाही, मग नोकरीत काही जमलं नाही, तेव्हा थोरल्याने त्याला फोन उचलायला दुकानात बसवलं. फोनही तो चौथ्या-पाचव्या घंटेला उचलायचा. थोरला गेला आणि आयत्या बिळावर हे नागोबा फणा काढून बसले. तेव्हापासून त्या दुकानात निदान होतं, ते असं: कानसेन प्लेअर चालू करतो, डोळे मिटतो, झाकणाला कान लावतो आणि उजव्या हाताचं बोट वर करतो. बोट वर असेपर्यंत कुणी खोकायचं नाही. मग बोट खाली येतं आणि कानसेन सांगतो, “हेड गेलं.”

हेड म्हणजे तबकडी वाचणारं लेसरचं डोकं. एखादा प्लेअर गुणगुणत असो, फुसफुसत असो, त्याचा ट्रे आत-बाहेर करताना कुरकुरत असो, हेड गेलं. एकाच्या प्लेअरमध्ये लहान नातीने केसांची पिन टाकली होती, ती खुळखुळत होती. हेड गेलं. एकदा तर एक गृहस्थ चक्क रेडिओ घेऊन आले. रेडिओला हेड नसतं हे त्या गृहस्थांना माहीत नव्हतं आणि कानसेनाला त्या दिवशी आठवलं नाही. तरी धंदा चालला. मधली काही वर्षं ही यंत्रं लोकांनी माळ्यावर टाकली होती, ती आता पुन्हा खाली यायला लागली होती. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांची एक नवी पैदास झाली होती, आणि सोनं म्हटलं की सोनाराने कान टोचायला बसायचंच.

त्या पैदाशीतला सगळ्यात मोठा नग म्हणजे रसिक. हेही गल्लीनेच ठेवलेलं नाव. रसिकाच्या घरी स्पीकरच्या तारा दंडाएवढ्या जाड आहेत, आणि त्यांना फरशीचा गारवा लागू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे आहेत. त्याच्याकडे जाऊन आलेला कुणीही गाणं कुठलं होतं ते सांगू शकत नाही, तारा कुठल्या होत्या ते मात्र पाठ होऊन येतं. या रसिकाने महिन्याभरापूर्वी एक जुना प्लेअर मिळवला. जड, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या असलेला. थोरल्याने वहिनींसाठी लावून ठेवलेला होता तोच नमुना. फरक इतकाच की रसिकाच्या प्लेअरमधून डाव्या बाजूला खरखर यायची.

तो प्लेअर दुकानात आला त्या दिवशी वहिनी दळणाचा डबा घेऊन खाली उतरल्या होत्या. दुकानासमोर दोघांचं ध्यान लागलेलं पाहून थांबल्या. कानसेनाचं बोट वर होतं. रसिकाचे डोळे मिटलेले होते. डाव्या स्पीकरमधून कुणी कढईत वाळू भाजावी तसा आवाज येत होता.

बोट खाली आलं. “हेड गेलं.”

“मला तोच संशय होता,” रसिक म्हणाला. पाच मिनिटांपूर्वी त्याला संशय होता तो विजेच्या शुद्धतेचा.

वहिनींना राहवलं नाही. “भावजी, तबकडी थांबवून ऐकलंत का?”

“थांबवून काय ऐकायचं वहिनी? थांबवल्यावर गाणं बंद होतं.”

“गाणं होतं बंद. खरखर होते का, ते विचारतेय.”

रसिक हसला. “आजी मिश्किल आहेत.”

आजी म्हणणाऱ्याचे स्वतःचे केस काळे करून वर मुळापाशी पांढरे उरलेले होते. वहिनींनी तिकडे एकदा पाहिलं आणि पुरे केलं.

“हे काय, तुमच्या कॉन्व्हेंट शाळेत मडमांनी शिकवलं वाटतं?” कानसेन म्हणाला.

“मडमांनी नाही, तुमच्या भावाने. तुम्हीही इथेच असायचात की. त्या खुर्चीत. घोरत.”

थोरल्याची रीत साधी होती. लहानपणच्या दुखण्याने त्याचा डावा कान जवळजवळ गेलेला होता, आणि ते तो लपवत नसे. खरखरणारं मशीन आलं की जिन्यातून हाक मारायचा, “अगं, जरा कान घेऊन खाली ये.” वहिनी हातातलं टाकून यायच्या आणि सांगायच्या, डावीकडे आहे, उजवीकडे आहे. मग तो डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करायचा. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष प्लेअरचा, तिथेच राहिली तर स्पीकरचा. मग तबकडी थांबवायचा. सगळी दुरुस्ती त्या थांबवण्यात होती. तो म्हणायचा, “डबा रिकामा आहे तरी आत खुडबुड होतेय, म्हणजे धान्याला दोष देऊन उपयोग नाही. उंदीर शोधायचा.” तबकडी थांबली की हेडला वाचायला काही उरत नाही. तरीही खरखर येत असेल तर हेडचा काय संबंध? एवढं कळायला चांगला कान लागत नाही, थोडी लाज लागते. आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करणाऱ्याला ती होती. दोन्ही कान शाबूत असलेल्या भावाला ती कधी लागलीच नाही.

“हे हेड आता कुठे बनत नाही,” कानसेन रसिकाला सांगत होता. “शोधून सापडणार नाही. अख्ख्या गावात एक असेल तर.” आणि त्याची नजर दुकानाच्या छताकडे गेली. छताच्या वर वहिनींचा हॉल होता.

“नाही,” वहिनी म्हणाल्या.

“मी काही बोललो का?”

“तुम्ही नाही, तुमचे डोळे बोलले. माझ्या प्लेअरला हात लावायचा नाही, भावजी. यांच्यासमोर सांगतेय.”

“छे छे! दादाची वस्तू ती. मी काय इतका हा आहे?”

तो इतकाच हा आहे हे वहिनींना लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. पण माणूस कितीही ओळखीचा असला तरी तो अमुक दिवशी अमुक पातळी गाठेल हे कुणी धरून चालत नाही. ती त्यांची चूक झाली.

तो प्लेअर थोरल्याने हातचं शेवटचं काम म्हणून लावून दिला होता. वहिनी रोज संध्याकाळी रोजनिशी लिहायला बसत तेव्हा त्यात एक तबकडी फिरत असे. थोरल्याने तो असा काही शांत करून ठेवला होता की दोन गाण्यांच्या मध्ये पेनाची कागदावरची कुरकुर ऐकू यायची. नवरा गेल्यावर घरात जी शांतता होते, ती वेगळी. ही त्याने हाताने केलेली होती, आणि दिवसातून तासभर वहिनींना ती हवी असे. बाकी त्यांचं त्या घरात काही मागणं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी वहिनी काड्यापेटी घेऊन खाली उतरल्या. स्क्रू कानसेनाच्या टेबलावर ठेवला.

“हा तुमचा राहिला.”

कानसेनाने आधी स्क्रूकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मदतीला कुणीच येत नव्हतं. “वहिनी, मी सांगणारच होतो.”

“काय?”

“तात्पुरतं घेतलंय. आमचे रसिकशेठ किती मागे लागले होते! मोठमोठ्यांत ऊठबस आहे त्यांची. आज एका प्लेअरचं झालं की उद्या दहा येतील.”

“घरात कसे शिरलात?”

“किल्ली आहे ना माझ्याकडे.”

“किल्ली मी पडले-झडले तर दार उघडायला दिली होती. मी डॉक्टरकडे गेले होते. मेले नव्हते.”

“असं काय बोलता!” कानसेन दुखावला. चोराला दुखावायला वेळ लागत नाही. “आणि खरं सांगू का? तुमच्याकडे ऐकतं कोण? तुम्ही तर लिहीत बसता.”

“तुम्ही टीव्ही बघत जेवता, म्हणून कुणी ताट उचलून नेतं का?”

तेवढ्यात रसिक आला. प्लेअर न्यायला आला होता. आल्या आल्या म्हणाला, “मित्रांना बोलावलंय संध्याकाळी. सांगून टाकलंय, आता ऐकाच म्हणून!”

“वहिनी, तुम्हीही ऐका,” कानसेन म्हणाला. “चमत्कार आहे. ऐकलंत की तुम्हीच म्हणाल, राहू दे ते हेड तिकडे.”

प्लेअर चालू झाला. मशीन थंड होतं आणि आवाज मोठा होता, त्यामुळे पहिलं गाणं खरोखरच स्वच्छ वाजलं. दोघांनी डोळे मिटले. “आहाहा,” रसिक म्हणाला, “पडदा उठला पडदा!” कानसेनाने बोट वर केलं नव्हतं, पण मान अशी डोलवत होता की गाणं त्यानेच रचलं असावं. दुसऱ्या गाण्याच्या सुमारास मशीन गरम झालं आणि डावीकडे वाळू भाजायला सुरुवात झाली.

वहिनी दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. कानसेनाला काही कळलं नाही, तो डोलतच होता. पण रसिकाची डावी पापणी उडाली. त्याने ऐकलं होतं. ऐकून त्याने ते गिळलं, कारण मित्रांना सांगून झालं होतं.

“काय फरक आहे!” तो म्हणाला, जरा मोठ्याने.

वहिनींनी हात लांब करून बटण दाबलं. गाणं थांबलं, तबकडी थांबली. खरखर चालू राहिली. आता तिला झाकायला काही नव्हतं.

“ट्यूबलाईट,” कानसेन म्हणाला.

वहिनींनी ट्यूबलाईट बंद केली. खरखर होतीच.

“मग शेजारी कुणीतरी काहीतरी तळत असेल.”

“शेजारी छापखाना आहे.”

“आजी, जुन्या मशीनचा एक श्वास असतो,” रसिक समजावणीच्या सुरात म्हणाला. “जाणकाराला तो हवाहवासा वाटतो.”

“आणि तो डाव्या नाकपुडीतूनच येतो?”

रसिकाने कॉलर नीट केली. वहिनींनी स्टूल ओढलं, प्लेअरसमोर बसल्या आणि हातातली पर्स त्याच्या झाकणावर ठेवली. “भावजी, माझं हेड काढा. मी इथे बसलेय.”

“अहो, पण माझं मशीन?” रसिक म्हणाला.

“तुमचं जुनं हेड परत बसेल. ते ठणठणीत आहे. ही खरखर वाजवायला तर नक्कीच.”

रसिकाने कानसेनाकडे पाहिलं, कानसेनाने स्टुलाकडे. वहिनींचं वजन फार नाही, पण त्यांना उठवायची प्राज्ञा त्या दोघांत नव्हती. पुटपुटत कानसेनाने स्क्रू काढायला घेतले. अंगात नायलॉनचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. कोरड्या हवेत तो हलला की स्वेटर तडतड करत होता. भिंतीवरच्या खिळ्याला थोरल्याची मनगटी तार होती. एक टोक मनगटाला, दुसरं जमिनीत गेलेल्या अर्थिंगला, म्हणजे अंगात साठलेली वीज निघून जाते. हेडला तेवढी ठिणगीसुद्धा खपत नाही. थोरला ती बांधल्याशिवाय झाकण उघडत नसे. आता तिच्यावर कानसेनाच्या स्कूटरची किल्ली लटकत होती.

“तार बांधा आधी.”

“दादाचं ते सोवळं! वहिनी, काल काढलं तेव्हा कुठे बांधली होती? झालं का काही?”

“नशिबाने नाही झालं. बांधा.”

“बांधतो हो, बांधतो. उकडायला लागलंय नुसतं, तुम्ही असं डोक्यावर बसल्यावर.” आणि त्याने दोन्ही हात वर करून स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. तो असा तडतडला की रसिकसुद्धा मागे सरकला. केस उभे राहिलेल्या अवस्थेत कानसेनाने स्वेटर खुर्चीवर फेकला आणि हात थेट हेडकडे नेला.

“हात लावू नका!” वहिनी ओरडल्या.

ठिणगी दिसलीही नाही. टिक असा आवाज झाला, नखावर नख वाजावं एवढा. कानसेनाने हात झटकला, “बसला जरा,” म्हणाला, आणि हेड उचलून बाजूला ठेवलं.

मग त्याने रसिकाचं जुनं हेड रसिकाच्या प्लेअरमध्ये बसवलं. गाणं तसंच वाजलं, खरखर तशीच आली. हेड बदलून काहीही बदललं नव्हतं, हे आता कानसेनालाही दिसत होतं. त्याला संताप आला. नाचता न येणाऱ्याला अंगणाचा यावा तसाच तो आला, आणि त्याने झाकणावर जोरात चापट मारली. खरखर थांबली. त्याने दुसरी चापट मारली, ती परत आली. कोंबडीला दाण्याचा शोध लागावा तसा कानसेन आत वाकला आणि बोटाने एकेक भाग दाबत सुटला. एका चौकोनी डबीवर बोट पडलं आणि आवाज बंद. ती रिले. मशीन तयार झालं की टक् करून आवाजाला बाहेर जायची वाट करून देणारा लहानसा स्विच. आतल्या टोकांवर काळं चढलं होतं. कागदाची पट्टी घालून पुसल्यावर डावी बाजू गपगार झाली.

“रिले,” कानसेन उभा राहून म्हणाला. “मला पहिल्या दिवसापासून संशय होता.”

“तुमचा कान म्हणजे कान!” रसिक म्हणाला. दोघांनी हस्तांदोलन केलं. रसिकाने प्लेअर काखोटीला मारला आणि निघाला. त्याच्या मते श्वासाचं काय झालं, ते त्याने सांगितलं नाही.

राहिला वहिनींचा. कानसेनाने वर जाऊन तो खाली आणला, हेड बसवलं, या वेळी मनगटाला तार बांधून. तार बांधताना वहिनींकडे असं पाहिलं, की बघा, मी ऐकतो तुमचं. ट्रे आत गेला. हेड एकदा पुढे सरकलं, एकदा मागे. तबकडी फिरली नाही. पडद्यावर ‘नो डिस्क’.

कानसेनाने पुन्हा घातली. दुसरी तबकडी घालून पाहिली. मग सवयीने डोळे मिटले, झाकणाला कान लावला आणि बोट वर केलं. वहिनी वाट पाहत उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या हे ध्यान पाहत आल्या होत्या, पण या वेळी त्यांनाही श्वास रोखून धरावा लागला.

बोट खाली आलं. “हेड गेलं.”

आयुष्यभरात हे एकच निदान त्याने बरोबर केलं.

“वयच झालं होतं वहिनी,” तो म्हणाला. “असू दे इथेच. बाकीचे पार्ट कामाला येतील.”

“तो वर नेऊन जागेवर ठेवा.”

“आता काय उपयोग त्याचा?”

“ठेवा.”

त्याने तो उचलून वर नेला आणि कपाटाच्या खणात ठेवला, पुन्हा तिरकाच. वहिनींनी तो सरळ केला. जाताना कानसेन दारात घुटमळला. बहुधा चहाची वाट पाहत असावा. वहिनींनी हात पुढे केला.

“काय?”

“किल्ली.”

“अहो, पण तुम्ही पडलात-झडलात तर?”

“तर पडून राहीन.”

त्याने जुडग्यातून किल्ली काढली. काढताना नख तुटलं म्हणून कळवळला आणि जिना उतरताना गुणगुणू लागला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की एवढ्या मोठ्या मशीनची खरखर कानसेनाने नुसत्या चापटीने घालवली. खालून जावेचा आवाज आला, “अहो! अहो! ऐकलंत का?” तिसऱ्यांदा आला, चौथ्यांदा आला. कुणी ओ दिली नाही.

वहिनी टेबलाशी बसल्या. खणातल्या प्लेअरकडे त्यांनी पाहिलं नाही. वही उघडून तारीख घातली. पेनाची कुरकुर ऐकू येत होती, आणि खालून दुकानातलं हसणंही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. हवा कोरडीच. डोळ्यांत थेंब तीन वेळा घातले. कुलूपवाला सहाला आला, दाराचं कुलूप बदलून गेला. नव्या कुलपाच्या किल्ल्या दोन. दोन्ही माझ्याकडे आहेत.